चाचांची फियाट आणि तिचं 'मूळ रूप'

गेल्या वर्षी चाचांचे साधे माग भंगारात गेले. आमच्या कबनूरमध्ये ही काही सांगण्यासारखी बातमी नाही. इचलकरंजी आणि आजूबाजूच्या गावांत एअरजेट आणि रॅपिअर आल्यापासून साध्या मागाची किंमत त्यावर निघणाऱ्या कापडावर ठरत नाही, बिडाच्या वजनावर ठरते. बारा माग होते. टेम्पो आला, वजनकाटा झाला, पैसे मिळाले. ज्या शेडमध्ये शेजारी उभं राहून ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही, तिथं चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

शेड रिकामी झाली तेव्हा मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एकच लोखंडी वस्तू उरली. चाचांची फियाट. १९६८ ची 'डिलाइट'. चाचांनी ती १९७९ साली एका सायझिंगवाल्याकडून जुनीच घेतली होती. भंगारवाल्यानं ताडपत्री उचलून पाहिली, पत्र्यावर बोटानं टिचकी मारली आणि तिचाही किलोचा दर सांगितला. चाचा खाटेवर बसले होते. मागांच्या वेळी ते काही बोलले नव्हते. आता एवढंच म्हणाले, "इसको तोल के नको बेचो रे."

घरात आम्ही दखनी बोलतो आणि दखनीत 'नको' हा शब्द कुणाला परका वाटत नाही. पण चाचांच्या तोंडून तो इतक्या हळू आवाजात मी कधी ऐकला नव्हता.

म्हणजे गाडी ठेवायची हे ठरलं. कशी ठेवायची यावरून मात्र घरात सहा महिने वाद चालला.

वादाला तोंड फोडलं चाचांच्या नातवानं, माझ्या पुतण्यानं. त्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरी करतो आणि रात्री मोबाईलवर अमेरिकेतल्या गॅरेजांचे व्हिडिओ बघतो. त्यानं आमच्यापुढे चित्र ठेवलं. फियाटचं छत चार इंच कापून खाली घेतलेलं, मागं रुंद टायर, पुढं बारीक, बॉनेटखाली आजकालच्या गाडीचं इंजिन, रंग गडद निळा. "ह्याला स्ट्रीट रॉड म्हणतात," तो म्हणाला. चाचांनी चष्मा वर करून चित्र पाहिलं आणि विचारलं, "ह्यात माझी गाडी कुठली?"

मला त्या प्रकाराची माहिती नव्हती, म्हणून वाचून काढली. पोराच्या बाजूनं बोलण्यासारखं त्यात बरंच सापडलं. स्ट्रीट रॉड म्हणजे सर्वसाधारणपणे १९४८ किंवा त्याआधीची गाडी, जिचं इंजिन, चाकं, ब्रेक, आतली बैठक नवी बसवलेली आणि जी रस्त्यावर रोज चालवता येते. त्या हिशोबानं आमची फियाट वीस वर्षं उशिरा जन्मली, पण ते सोडा. ह्याचं मूळ कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट जमिनीवर. १९३० च्या दशकात तिथली पोरं फोर्डच्या जुन्या गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड, बंपर, जे जे जड ते काढून टाकायची आणि वेगाची शर्यत लावायची. १९३२ मध्ये फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आणलं. काही वर्षांनी अपघातात मोडलेल्या गाड्यांतून ती इंजिनं भंगारात यायला लागली, तेव्हा पोरांना तर खजिनाच मिळाला. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्यात यंत्रं दुरुस्त करायला शिकलेले जवान घरी परतले आणि या छंदाचं वेड देशभर पसरलं. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचं मासिकच सुरू झालं.

म्हणजे आज ज्या गाड्या लाखो डॉलरना विकल्या जातात, त्यांची सुरुवात खिशात पैसे नसलेल्या पोरांनी भंगारातून केली होती. हे वाचल्यावर मला पुतण्याचं चित्र तितकंसं परकं वाटेना. आपल्या भागात दुसरं काय झालं? कोल्हापूर-सांगलीकडच्या वडापच्या जीपा आठवा. मागं वाढवलेली बॉडी, जादा बाकडी, पेट्रोलचं इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन. अॅम्बेसेडरलाही तेच. कुणी त्याला नाव दिलं नाही, मासिक काढलं नाही, एवढाच फरक. आणि फरक म्हणायचा तर हेतूचा. तिकडं वेगासाठी होतं, इकडं डिझेल स्वस्त होतं म्हणून.

पुतण्याला अडवलं ते आमच्या उस्तादांनी. उस्ताद म्हणजे इचलकरंजीच्या रस्त्यावरचे जुने मिस्त्री. वय सत्तरीच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत. आधी मागाचे जॉबर होते, नंतर गाड्यांत आले. त्यांनी गाडीखाली पाठ टेकली, बॅटरी मारली आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन पोराला विचारलं, "तुझ्या त्या व्हिडिओतल्या गाडीला खाली चेसिस हाय का?"

"आहे."

"हिला न्हाई. हिचा पत्राच हिचा सांगाडा. छप्पर कापलंस तर गाडी मधनं वाकंल."

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. फोर्डच्या त्या जुन्या गाड्यांना खाली लोखंडी पट्ट्यांची शिडीसारखी चौकट असायची. इंजिन, चाकं, सगळं त्या चौकटीला. वरचं अंग बोल्ट काढून टोपीसारखं उचलता यायचं. म्हणून ते कापा, वाकवा, खाली बसवा, गाडीचा कणा शाबूत राहायचा. फियाटनं १९५३ मध्ये इटलीत नवी ११०० काढली तेव्हा ही चौकटच काढून टाकली. तळ, खांब, छत, सगळा पत्रा एकमेकांना वेल्ड करून त्याचीच पेटी केली आणि वजन त्या पेटीनं पेललं. आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली डिलाइट आणि पुढची पद्मिनी त्याच घराण्यातली. तिचं छत म्हणजे नुसतं ऊन अडवायचं झाकण नाही, भार पेलणारा भाग आहे. शिवाय इंजिन १०८९ सीसीचं आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. दुप्पट ताकदीचं इंजिन टाकायचं म्हणजे ब्रेक, पुढचे किंगपिन, मागचा धुरा, सगळंच बदलायचं. मग चाचांनी विचारलेला प्रश्न खरा ठरतो. ह्यात त्यांची गाडी कुठली?

पोरगा हिरमुसला, पण त्याला ते पटलं. पुस्तकात त्यानं हे वाचलेलं होतं. उस्तादांनी ते पाठीवर झोपून वाचलं.

कायद्याचा अडसर नंतर कळला. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की गाडीच्या नोंदणीत जे तपशील आहेत ते उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलांशी जुळले पाहिजेत, तसे न जुळणारे बदल मालकानं करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी. छत कापायचं तर प्रश्नच नाही. आपल्या देशात स्ट्रीट रॉड स्ट्रीटवर आणता येत नाही, असा हा विनोद आहे.

मग दुसरा मार्ग. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंतरच्या नोंदणीला पाच हजार. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला बाहेर काढायची.

म्हणजे बदललीत तर रस्त्यावर आणू नका, आणि न बदलता जपलीत तरी रोज आणू नका. कायद्यामागची काळजी मला मान्य आहे. अर्धवट वेल्डिंग केलेल्या गाडीनं रस्त्यावरचा दुसरा माणूस मरू शकतो. तरी या दोन वाटांच्या मध्ये आमच्यासारख्यांच्या गाड्या सापडतात, हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. हौशी संग्राहकाची गाडी मूळ रूपात असते, कारण ती राबलेली नसते.

आमची राबली. मी स्वतः मिरजेच्या दवाखान्यातून याच गाडीतून घरी आलो. माझ्याआधी आणि नंतर गल्लीतली किती पोरं आली याची मोजदाद नाही. मुलीचं लग्न असो की म्हाताऱ्याचा दमा, रात्री दार वाजलं की चाचा किल्ली घ्यायचे. जात-धर्म विचारायची पद्धत तेव्हा नव्हती, निदान रात्री दोन वाजता तरी नव्हती. छतावर कॅरिअर बसवून त्यावर सुताची पोती गेली. शमना मीरांच्या उरुसाला मिरजेला जाताना आत नऊ माणसं बसली. ही फियाटच्या इटालियन इंजिनिअरांची कल्पना नक्कीच नसावी. (त्याआधीच्या गोल अंगाच्या फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. आमच्या दादीनं बजावलं होतं, घरात कसलीही फियाट आली तरी तो शब्द आत येणार नाही. दादी सगळ्याच फियाटींना 'मोटी गाडी' म्हणायची.)

तर ह्या गाडीचं मूळ रूप कोणतं? पुतण्यानं आणि मी एका रविवारी वही घेऊन यादी केली. डायनॅमो दोनदा बदललेला. सीटचं रेक्झिन इचलकरंजीत शिवलेलं. हॉर्न एसटीतून निवृत्त झालेला वाटावा इतका मोठा. डाव्या बाजूचा मागचा दरवाजा दुसऱ्याच फियाटचा, आतून अजून हिरवा. इंजिनाचा बोअर एकदा कोल्हापुरात, उद्यमनगरात केलेला. कॅरिअरच्या खुणा छतावर आहेतच. यादी संपल्यावर पोरगा म्हणाला, "काका, ही तर आधीच रॉड आहे."

'मूळ' या शब्दाशी माझं भांडण जुनं आहे. पुण्या-मुंबईत कुणीतरी कौतुकानं म्हणतं, तुमचं मराठी किती छान आहे, मूळचे कुठले? मी कबनूर म्हणतो. समोरचा थांबतो, त्याला आणखी मागचं काहीतरी हवं असतं. मागचंही कबनूरच आहे. असो, गाडीकडे येतो.

कोल्हापूरकरांना दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक माहीत आहे. शाहू महाराजांच्या काळातल्या मुस्लिम बोर्डिंगच्या समोरच ती येते. लहानपणी चाचा आम्हाला ती बघायला न्यायचे आणि परत येताना आपल्या फियाटवर दोन फडके जास्त मारायचे. गंमत अशी की त्या काळात मेबॅकचा कारखाना मुख्यतः चेसिस आणि इंजिन बनवायचा. वरचं अंग गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बाहेरचे कारागीर चढवायचे. म्हणजे राजांच्या गाड्या जन्मतःच आवडीप्रमाणे घडवलेल्या. घडवणं पैशानं, आणि आधी झालं तर ती खानदानी गाडी. नंतर झालं, आणि गरजेपोटी, तर तो जुगाड.

ह्याच वादात पुतण्यानं देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचं नाव काढलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून हे गाव आपल्याला ठाऊक. लोहारांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या सामानातून छोटी जीप बनवली. सुमारे साठ हजार रुपये खर्च. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि आनंद महिंद्रांनी लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, तेव्हा ती मला द्या, मी नवी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबानं बोलेरो घेतली आणि त्यांची जीप महिंद्राकडे गेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. महिंद्रांच्या मनाचा मोठेपणा खराच. तरी मला त्या मुलाचं काय झालं असेल हा प्रश्न पडतो. बोलेरो शोरूममध्ये कुणालाही मिळते. बापानं केलेली किकवाली जीप कुठं मिळते? चाचांना मी हा किस्सा सांगितला तर त्यांनी वेगळंच सांगितलं. म्हणाले, महिंद्रांच्या पाटीवर आधी एक मोहम्मद होते. खरंच होते. १९४५ मध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. आद्याक्षरं तेवढी बदलावी लागली नाहीत. चाचांच्या मते ह्यात कुणाचा दोष नाही, पाटी कालांतरानं बदलतेच, इंजिन चालू राहिलं पाहिजे.

आमचं इंजिन मात्र बंद होतं. अकरा वर्षं उभं राहून पिस्टन जाम झाले होते. उस्तादांनी प्लग काढून भोकांतून तेल सोडलं आणि रोज संध्याकाळी येऊन हातानं थोडं हलवायचे. जबरदस्ती नाही. चौथ्या दिवशी ते सुटलं. सुट्या भागांसाठी पुतण्या मुंबईला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्सी म्हणून वीस वर्षांची मुदत संपली. पण बाजारात तिचे अवयव अजून फिरतात आणि पद्मिनीचे बहुतेक भाग डिलाइटला बसतात. किंगपिन, ब्रेकचे सिलिंडर, काचेचं एक रबर त्याला कुर्ल्यातच मिळालं. ज्या कुर्ल्यात गाडी बनली, तिथल्याच भंगारातून तिला जीव मिळाला.

पत्र्याचं काम सर्वांत वेळखाऊ. तळ गंजून चाळणी झाला होता. दुसरा एखादा मिस्त्री असता तर लांबी भरून वर रंग मारला असता, वर्षभर कुणाला कळलं नसतं. उस्तादांनी गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, कारण तोच तर सांगाडा. हे काम पोरानं केलं. उस्ताद शेजारी स्टूलावर बसून सांगायचे, "ताणू नको, गरम पत्रा आपलाआपण वाकतुय." पहिल्या दोन पट्ट्या त्यांनी उखडायला लावल्या. तिसरीला काही बोलले नाहीत. आमच्याकडे पास झाल्याचं प्रमाणपत्र असंच मिळतं.

छत कापलं नाही. इंजिन तेच, बोअर पुन्हा केला. हिरव्या आतल्या अंगाचा दरवाजा तसाच ठेवला, चाचांच्या आग्रहावरून. ज्या फियाटचा तो होता ती चाचांच्या दोस्ताची होती. दोस्त गेला, दरवाजा आहे. व्हिंटेजची नोंदणी मिळेल की नाही हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनावर आहे. त्यासाठी लागणारी चालू विमा आणि जुन्या नोंदणीची कागदं जुळवण्यात दोन महिने गेले. न मिळाली तर जुन्या नंबरावरच पुन्हा तपासणी करून घ्यायची, असं ठरलंय. तेव्हा कमीत कमी मिरजेपर्यंत तरी जाता येईल.

आणि पुतण्याची रॉड? त्यानं हट्ट पूर्ण सोडलेला नाही. माग गेले त्या दिवशी त्यानं एक धोटा गुपचूप उचलून ठेवला होता. जुन्या मागाचा, हातांनी गुळगुळीत झालेला लाकडी धोटा. तो लेथवर उतरवून त्यानं गिअरच्या दांड्याची मूठ केली. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या शेजारी असतो, त्यामुळं ती मूठ चालवणाऱ्याच्या बोटांत अगदी डोळ्यांसमोर येते. कलम ५२ मध्ये गिअरच्या मुठीचा उल्लेख नाही, मी वाचून पाहिलं.

मागच्या जुम्म्याला दुपारी गाडी सुरू झाली. चोक ओढला, दोनदा खोकली, मग लागली. चाचांना खुर्चीत बसवून शेडमध्ये आणलं होतं. त्यांचं एका कानानं ऐकणं गेलंय, मागांनी नेलं. चांगला कान इंजिनाकडे करून ते बराच वेळ ऐकत राहिले. आम्हाला वाटलं आता रडतील. ते उस्तादांकडे वळून म्हणाले, "तिसऱ्याचा टॅपेट वाजतोय."

उस्तादांनी कान लावला आणि पाना मागितला.